नऊ चुलींची वाडी

लग्न होऊन वाशीमला आले तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'तुमचं माहेर कोणतं गाव?' आणि इतकी वर्षं झाली तरी मी अडखळते. गाव म्हणावं तर ते गाव नव्हतं. आमच्यात आणि गावात एक नाला आणि अर्ध्या कोसाची पांदण होती. शाळेला, मीठ-तेलाला, टपाल पाहायला आम्ही त्या पांदणीतून 'गावात' जायचो. गावातले लोक आमच्याविषयी बोलताना 'ते वाडीवरचे' म्हणायचे. आम्ही मात्र 'वाडीत' म्हणायचो. माणूस झाडावर असतो, माळ्यावर असतो, पण वाडीवर असत नाही, वाडीत असतो, असं माझं त्या वयातही ठाम मत होतं आणि त्यापायी शाळेत मी दोनदा मार खाल्लेला आहे. स्वभाव पुढे काही फारसा सुधारला नाही, असं आमच्या घरचे म्हणतात.

गुरुजींनी एकदा फळ्यावर लिहून दिलं होतं, वाडी म्हणजे लहान खेडे. टेकडीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता, गावाच्या शिवारात कुणाची दोन-तीन घरं शेतातच होती त्यांना वस्ती म्हणायचे. हे सगळे शब्द गुरुजींनी एकाखाली एक लिहिले आणि समोर 'लहान खेडे', 'फार लहान खेडे' असे अर्थ देऊन मोकळे झाले. मी ते घरी येऊन दौलत आबाजींना म्हणून दाखवलं. आबाजी माझे सख्खे आजोबा नव्हेत. ते सगळ्या वाडीचेच आबाजी होते. धम्माची दीक्षा घेऊन आले त्या वर्षी त्यांनी गावाच्या कडेला पिढ्यानपिढ्या राहिलेली आमची नऊ घरं उठवली आणि नाल्याच्या अलीकडे, स्वतःच्या वाट्याच्या बरड तुकड्यावर आणून बसवली. 'तथी आपण गावाच्या कडेले होतो. इथं कडच नाई,' असं ते सांगायचे. माझी व्याख्या ऐकून त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

'लहान खेडं?' ते म्हणाले. 'तुह्या गुर्जीले म्हणा, घरं मोजून वाडी होत नाई. गावात कोणी मेलं का त्याच्या घरची चूल थंड राह्यते, अन् शेजारचा भाकरी थापते. आपल्या इथं एक माणूस गेलं का नऊच्या नऊ चुली थंड. माती होऊन लोक आंघोळ करून येत नाई तोवर कोणी काडी लावत नाई. असं जथी होते ते वाडी. मंग घरं नऊ असो का नव्वद.'

मी परीक्षेत तेच लिहिलं. गुरुजींनी शून्य दिलं आणि शून्याला गोल गोल दोनदा गिरवलं.

देव सोडले, नवस सोडले, शकुन-अपशकुन सोडले, पण चुलीचं तेवढं आबाजींनी सोडलं नाही. ते म्हणायचे, हे देवाचं नाही, माणसाचं आहे. आणि त्याला कारणही होतं. वाडीत विस्तव एकच असायचा. पहाटे नऊ जाती सुरू व्हायची आणि अंथरुणात पडल्यापडल्या मी कोणतं जातं कुणाचं हे ओळखायची. आमचं अडखळत फिरायचं, आबाजींच्या घरचं न थांबता एका सुरात. दळण आटोपलं की आबाजींच्या घरी पहिली चूल पेटायची आणि मग बायका गोवरीच्या तुकड्यावर इंगळ ठेवून आपापल्या घरी न्यायच्या. काडेपेटी प्रत्येकीच्या कोनाड्यात होती, पण ती जपून ठेवायची वस्तू होती. धूर पहिल्या घरातून निघून ओळीनं शेवटच्या घरापर्यंत जायचा, तिथं पोचेस्तोवर पहिल्या घरी ठेचा वाटून झालेला असायचा. आज माझ्या ओट्यावर बटण फिरवलं की जाळ होतो. तो कुणाकडून आणावा लागत नाही, ही सोय मोठी आहे, मी नाही म्हणत नाही.

आबाजींच्या घरात ती पहिली चूल पेटवायची त्यांची मुलगी, सुभद्राआत्या. ती तेव्हा तिशीची असेल. तिचं सांगायचं तर आधी माझ्या मायनं मला सांगितलेलं सांगावं लागेल, कारण ते घडलं तेव्हा मी कडेवरची होते. सुभद्राआत्याला पाहायला पाहुणे यायचे होते. आबाजींनी त्यासाठी खास सहा कपबशा आणल्या होत्या, काठाला निळी रेघ असलेल्या. वाडीत तोवर कुणाकडे कपबशी नव्हती. पाहुणे पांदणीत दिसले आणि त्याच वेळी शेवटच्या घरातलं चार दिवसांचं लेकरू गेलं. त्याचं अजून नावही ठेवलेलं नव्हतं. बायका आबाजींना म्हणाल्या, एवढ्याशा जिवाचं काय, पाहुण्यांचं होऊन जाऊ द्या. आबाजी म्हणाले, 'मौत ते मौत,' आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या चुलीवर पाणी ओतलं. वर डाळ शिजत होती. पाहुणे उपाशी परत गेले. आम्हीही अपशकुन मानत नाही असं त्यांनी जाताना सांगितलं, पण पुन्हा निरोप काही पाठवला नाही. पुढे सुभद्राआत्याला एका बिजवराला दिली. दोन वर्षांत त्यानं तिला परत आणून सोडली, ती कायमची. आबाजी त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. पण वाडीत कुणाच्याही घरी पाहुणे आले की ते त्या सहा कपबशा धोतराच्या सोग्यात धरून स्वतः पोचत्या करायचे आणि पाहुणे जाईपर्यंत त्या घराच्या ओट्यावर बसून राहायचे.

माझी थोरली बहीण शांता, तिला मी नुसतं 'बाई' म्हणायची, तिला मी शाळकरी झाले तोवर तीन स्थळं येऊन पाहून गेली होती आणि तिन्ही ठिकाणांहून एकच कारण आलं होतं, पोरगी वाडीतली आहे. म्हणजे रस्ता नाही, दुकान नाही, शेजारपाजार नाही, अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीला चारचौघांत बसायचं वळण काय असणार. बाई तशी हसरी होती, पण तिसऱ्या नकारानंतर ती नाल्यावर धुणं घेऊन गेली की दुपार कलेपर्यंत परत यायची नाही. चौथं स्थळ रिसोडकडचं आलं. मुलगा तिथल्या धान्याच्या बाजारात मापारी होता, दिवसभर पोती मोजायचा. शेतीवर नव्हता, पावसाच्या भरवशावर नव्हता. बा म्हणाला, हे स्थळ गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणूनच घरात सगळे घाबरले.

तुरी निघून गेल्या होत्या, हरभरा घाट्यांवर होता. दुष्काळ नुकताच सरला होता आणि त्या दिवसांत आम्ही पोरांनी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी इतक्या खाल्ल्या होत्या की गव्हाच्या पोळीचा वास विसरलो होतो. पाहुण्यांसाठी मायनं गहू आणवले. एका घरून गूळ आला, एका घरून बाजा आल्या, एका घरून तांदूळ आणि पाटे. पाहुणे आमचे होते, तयारी नऊ घरांची होती. आबाजी मात्र आठ दिवसांपासून अंथरुणाला खिळले होते. छातीत घरघर होती. सकाळी बा त्यांना पाहून आला आणि हसतच आला. आबाजी त्याला म्हणाले होते, 'आज मी मरत नाई. तू पाहुण्याचं पाह्य.'

दुपारी पाहुणे आले, मुलगा, त्याची आई आणि मामा. बैलगाडी नाल्याच्या अलीकडच्या काठालाच सोडून चालत आले. चिंचेखाली बाजांवर बसले. मामा जाडजूड, बोलका माणूस होता, खाली बसेपर्यंतच त्यानं विचारलं, 'गावाचं नाव काय म्हनता जी?'

'गाव नाई जी, वाडी हाये,' बा म्हणाला.

'घरं किती?'

'नऊ.'

मुलाच्या आईनं मान वळवून सगळीकडे पाहिलं. पाहायला वेळ लागला नाही. बाच्या कपाळावर घाम आला होता, थंडीचे दिवस असून.

मायनं मला आतून खूण केली, कपबशा आण. मी धावतच आबाजींच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आत आबाजी गोधडी पांघरून सरळ निजले होते आणि सुभद्राआत्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होती. मला वाटलं, डोळा लागला असेल. मग मी पाहिलं, त्यांची हनुवटी पांढऱ्या चिंधीनं डोक्याभोवती बांधलेली होती. असं कधी बांधतात ते मला माहीत होतं. दुष्काळात मी ते दोनदा पाहिलं होतं.

सुभद्राआत्या उठली. तिनं फळीवरच्या कपबशा काढल्या आणि एकेक पदरानं पुसून माझ्या ओंजळीत, मग ओच्यात ठेवल्या. सहाही पुसल्या. तिचे डोळे कोरडे होते. 'घेऊन जाय,' ती म्हणाली. 'सांभाळून. धावू नको.'

'आत्या, आबाजी...'

'पाहुणे जेवून गाडीत बसू दे. तोवर कोणाले बोलू नको. तुह्या मायलेबी नाई.' मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिनं जरा हळू सांगितलं, 'त्यायनंच सांगतलं मले. म्हने, म्या गेलो तं आज रडू नको. शांतीच्या दारातून पाहुणे उपाशी जाता कामा नाई. एकदा म्या चुलीवर पानी ओतलं, म्हने. एका जन्मात तेवढं पुरे.'

मी कपबशा घेऊन आले. धावले नाही. चहा मीच नेऊन दिला आणि मामा म्हणाला, 'वाडी लहान हाये पन कपबशा झ्याक हायेत.' सगळे हसले, बा सुद्धा हसला. बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा मुलाच्या आईनं तिला जवळ बसवून हात पाहिले, बोटं पाहिली, किती माणसांचा स्वयंपाक येतो विचारलं. बाई म्हणाली, 'नऊ घरचा येते.' ते उत्तर मुलाच्या आईला आवडलेलं दिसलं. मी हे सगळं खांबाला टेकून पाहत होते आणि माझं अर्धं लक्ष त्या लोटलेल्या दाराकडे होतं. सगळ्या घरांवर धूर होता. आबाजींच्या घरावरही होता. सुभद्राआत्यानं मेलेल्या बापाच्या उशाशी चूल चालू ठेवली होती, धूर दिसला नाही तर कुणी विचारेल म्हणून.

मग जेवणं झाली. पोळ्या, पातोडीचा रस्सा, भात, गुळाचा शिरा. आधी पाहुणे, मग आम्ही पोरं. मला वाटलं होतं घास गिळवणार नाही. पण गव्हाची पोळी तव्यावरून ताटात पडली, तिचा वास आला, आणि मी तीन पोळ्या खाल्ल्या. रस्सा वाटीनं मागून घेतला. आबाजी तिकडे गार होत चालले होते आणि मी बोटं चाटत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पुढे माझी मुलं जेवणावरून हट्ट करायची तेव्हा मी नको इतकी चिडायची, त्याचं कारण त्यांना कधी कळलं नाही.

मामानं साखर मागवली. बाईच्या तोंडात साखर पडली आणि बा एकदम मटकन खालीच बसला. सगळं झालं होतं. आता गाडी जुंपायची एवढंच उरलं होतं. तेवढ्यात मामा म्हणाला, 'दौलतबुवाचं नाव आयकून हावो आमी. त्यायले भेटल्याबिगर कसं जावं?' आणि बा काही माहीत नसताना आनंदानं म्हणाला, 'चला ना जी, दहा पावलावर घर हाये.'

माझ्या हातात धुतलेल्या कपबशा होत्या. मी त्यांच्या मागं मागं गेले. काय करायचं ते सुचत नव्हतं. वाटलं, कपबशा खाली टाकाव्यात, म्हणजे सगळे वळून माझ्याकडे पाहतील. पण त्या टाकवल्या नाहीत. आम्ही अंगणात पोचलो तशी सुभद्राआत्या दारात आली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. डोक्यावर पदर नीट घेतलेला होता.

'मामा भेटाले आले,' बा म्हणाला. 'आबाजीले उठव थोडंसं.'

'आत्ताच डोळा लागला त्यायचा,' ती म्हणाली. 'आठ रोजानं आज झोप लागली. उठवू नका. लगनात भेटतीन.'

मामा भला माणूस होता. त्यानं बाहेरूनच, त्या अंधाऱ्या दाराकडे हात जोडून मोठ्यानं 'जयभीम बुवा' म्हटलं. सुभद्राआत्यानं आतल्या माणसाच्या वतीनं 'जयभीम' परत केला. तिचा आवाज बिलकूल कापला नाही. पुढच्या आयुष्यात मी धीराची पुष्कळ माणसं पाहिली, पण त्या दोन हातांएवढा धीर मला कुठं दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर पुन्हा पाहावासाही वाटला नाही.

गाडी नाला ओलांडून पलीकडे चढली. बैलांच्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या. सुभद्राआत्या तोवर अंगणात उभी होती. मग तिनं तोंड उघडलं, पण आधी आवाजच आला नाही. कितीतरी वेळानं तो आला. माय चुलीपुढे उरल्या पोळ्या फडक्यात बांधत होती. ती ताडकन उठली, तिनं तांब्या घेतला आणि चुलीवर ओतला. शेजारच्या घरात तसाच चर्र आवाज झाला, मग त्याच्या पलीकडे, मग शेवटपर्यंत. नऊ घरांवरचा धूर बघता बघता नाहीसा झाला.

'कवा गेले?' बानं विचारलं.

'आत्ता,' ती म्हणाली.

पण माणसं आत गेली, त्यांनी आबाजींना हात लावला, आणि ताठ झालेला देह कुणापासून लपत नाही. बायकांनी चिंधीची गाठ पाहिली. मायनं वळून माझ्याकडे पाहिलं. कपबशा अजून माझ्याजवळच होत्या.

'तुले मालूम होतं?'

मी मानेनंच हो म्हटलं. मला वाटलं आता थप्पड बसेल. मायनं माझ्या हातातून कपबशा घेतल्या, फळीवर ओळीनं मांडल्या आणि सुभद्राआत्याजवळ जाऊन बसली. तिच्या गळ्यात पडून रडायला ती आली होती, पण सुभद्राआत्या तेव्हा रडत नव्हती. तिचं रडणं मघाशी अंगणात जेवढं निघालं तेवढंच. दुपारभर तिनं ते दाबून धरलं होतं, ते आत कुठंतरी असं बसलं की नंतर निघालंच नाही. पुढे मी माहेरी जायची तेव्हा ती सगळं बोलायची, पिकाचं, पाण्याचं, माझ्या पोरांचं. आबाजींचं नाव काढलं की उठून कामाला लागायची.

माती होऊन माणसं नाल्यावरून आंघोळ करून आली तेव्हा रीतीप्रमाणे चुली पेटायला हव्या होत्या. आठ पेटल्या. आमची तीन दिवस पेटली नाही. माय कुणाला काही न सांगता चुलीपुढे नुसती बसून राहायची, आणि सुभद्राआत्या तिन्ही दिवस आमच्या घरी भाकरी आणून द्यायची. माय त्या खायची नाही. आम्ही खायचो. बाई तेवढी सारखी विचारत राहिली, 'काहून वं माय, आपलीच चूल काहून थंड?' माय म्हणायची, 'आबाजीचा माह्यावर जीव होता.' बाईला खरं सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं. ती त्याच उन्हाळ्यात रिसोडला नांदायला गेली. मामा लग्नात आला होता. दौलतबुवांची भेट राहून गेली, याची हळहळ त्यानं चारचौघांत बोलून दाखवली. सुभद्राआत्या वाढत होती. ती त्याच्या पानात भात घालून पुढे गेली.

नंतर वाडी हळूहळू उठत गेली. कुणी नोकरीनं, कुणी पोरांच्या शाळेसाठी, कुणी नुसतं रस्ता हवा म्हणून गावाजवळ, डांबरी सडकेला जाऊन राहिलं. बा आणि माय धाकट्या भावाबरोबर गावात गेले. माय वारली त्या दिवशी मी तिथं होते. मायला अजून बाहेर काढलेलं नव्हतं आणि भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. शेजारच्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांची पोरं शाळेतून यायची वेळ झाली होती. मला तेव्हा आबाजींची ती व्याख्या आठवली आणि मायच्या जाण्यापेक्षा त्या फोडणीनंच मला जास्त रडवलं.

सुभद्राआत्या मात्र वाडीतच राहिली. आठ घरांच्या भिंती खचल्या, चिंच वाळली, तरी तिच्या घरावर सकाळी धूर असायचा, असं पांदणीनं जाणारे सांगायचे. मागच्या हिवाळ्यात भाच्याचा सकाळी फोन आला, आत्या रात्री झोपेत गेली. माझी डाळ गॅसवर होती. मी बटण बंद केलं. सून विचारायला आली, तिला म्हटलं, आज आपल्याकडे काही शिजायचं नाही, माती झाली की पाहू. मग रिसोडला बाईला फोन लावला. बाई आता सत्तरीची झाली, गुडघ्यांनी बसली आहे.

'आत्या गेली. तुझा गॅस बंद कर,' मी म्हटलं.

'कायले वं?' ती म्हणाली. 'वाडी कुठं राह्यली आता? ते गेलं सारं.'

मग मी तिला सांगितलं. कपबशा, चिंधी, चौकटीला लावलेले हात, मायची तीन दिवसांची थंड चूल, माझ्या तीन पोळ्या, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पलीकडून तिच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि लांबून सुनेचा आवाज, आई, कुणाचा फोन आहे, काय झालं.

'गॅस बंद कर पोरी,' बाई तिला म्हणाली. 'आमच्या वाडीत मौत झाली.'